सुट्या भागांची कोठी : मंडळाच्या पंचवीस वर्षांचा वृत्तान्त

पूर्वपीठिका

संस्थेचा इतिहास लिहावयाचा म्हणजे तिच्या सभा, ठराव आणि पदाधिकारी यांची जंत्री द्यावयाची, असा रूढ प्रघात आहे. परंतु आपले मंडळ ज्या गरजेतून जन्मास आले ती गरज मंडळाहून कितीतरी जुनी असल्यामुळे, तिचे मूळ ज्या काळात आहे तेथूनच या वृत्तान्तास आरंभ करणे युक्त होईल. पदाधिकाऱ्यांची व सभासदांची नामावली स्मरणिकेच्या अखेरीस स्वतंत्र छापली आहे. प्रस्तुत लेखात मुख्यत्वे जुन्या लष्करी गाड्यांची, त्यांच्या सुट्या भागांची आणि ते भाग शोधणाऱ्या, घडविणाऱ्या व राखणाऱ्या हातांची हकीकत यावयाची आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सुमारे 6 लाख 40 हजार जीपगाड्या बांधल्या, आणि आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी म्हणून त्यांतील पुष्कळशा हिंदुस्थानच्या भूमीवर उतरल्या. युद्ध समाप्त झाल्यावर ह्या गाड्या समुद्रापार परत नेण्याचे प्रयोजन उरले नाही. त्या येथेच विक्रीस निघाल्या, आणि डिस्पोजलचा माल म्हणून संस्थानिकांच्या पागेपासून बागाईतदाराच्या अंगणापर्यंत सर्वत्र पसरल्या. पुढे 1949 साली मुंबईत माझगाव येथे महिंद्र कंपनीने विलीज जीपची जोडणी सुरू केली, आणि जी सीजे-3बी जीप अमेरिकेत 1953 ते 1968 एवढीच वर्षे तयार झाली तिचे उत्पादन आपल्या देशात त्यानंतरही कित्येक दशके अखंड चालू राहिले. 1965 च्या सप्टेंबरात खेमकरणच्या रणभूमीवर कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी ज्या जीपवरून रिकॉइललेस तोफ चालवून पॅटन रणगाडे निकामी केले, त्या जीपचे नाव त्यांच्या परमवीरचक्राबरोबर राष्ट्राच्या स्मरणात कायमचे कोरले गेले.

परंतु गाडी कितीही गुणी असली तरी तिच्यामागे सुट्या भागांचा सरंजाम नसेल तर ती निरुपयोगी ठरते, हा धडा आपल्या देशाने स्वातंत्र्याच्या आरंभीच घेतला होता. 1948 साली काश्मीरच्या लढाईसाठी लंडनच्या उच्चायुक्तालयामार्फत जुन्या, दुरुस्त करून द्यावयाच्या दोन हजार जीपगाड्यांची मागणी नोंदविण्यात आली, आणि पहिल्या खेपेस मद्रास बंदरात उतरलेल्या 155 गाड्या लष्कराच्या कामास अयोग्य ठरल्या. त्या प्रकरणाच्या राजकीय वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. मात्र जुनी लष्करी गाडी विकत घेणाऱ्या प्रत्येकाने ध्यानी धरावी अशी एक गोष्ट त्यातून निश्चित निघते, आणि तीच आपल्या मंडळाच्या कार्याचे बीज आहे : गाडीची खरेदी एका दिवसात होते, तिचा सांभाळ मात्र एकट्याच्या ऐपतीने कधीच होत नाही.

स्थापना

जबलपूरच्या वाहन कारखान्यात 1969 पासून बनत आलेल्या जोंगा या लष्करी गाडीचे उत्पादन 1999 मध्ये थांबले, लष्कराने काढून टाकलेल्या गाड्या लिलावातून नागरिकांच्या हाती येऊ लागल्या होत्या, आणि युद्धकालीन जीप बाळगणाऱ्या जुन्या पिढीतील मंडळी एकामागून एक थकत चालली होती. अशा संधिकाळात पुण्यातील काही गाडीमालक एकत्र आले. त्यांची ओळख प्रथम झाली ती मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात. बुधवारी आणि रविवारी तेथे भरणाऱ्या बाजारात लोखंडाच्या राशीतून कोणी कार्ब्युरेटर उचलीत असे, कोणी डायनॅमो, कोणी नुसतेच कॅटलॉगमध्ये पाहिलेल्या एखाद्या भागाच्या शोधात खाली वाकून हिंडत असे. आणि आपण ज्या वस्तूसाठी वर्षभर पायपीट केली तीच वस्तू शेजारच्या गृहस्थाच्या माळ्यावर दुहेरी पडून आहे, तर त्यास हवा असलेला भाग आपल्या कोठारात गंजतो आहे, असा अनुभव त्यांतील बहुतेकांच्या पदरी पडला होता.

या अनुभवातूनच मंडळाच्या घटनेतील पहिले कलम तयार झाले. प्रत्येक सभासदाने आपल्याजवळील जादा भागांची फेरिस्त मंडळाच्या दफ्तरी दाखल करावी, आणि दुसऱ्या सभासदाची गाडी त्या भागावाचून उभी असेल तर तो भाग वाजवी मोबदल्याने किंवा अदलाबदलीने द्यावा, असे त्याचे स्वरूप होते. प्रारंभी काही सभासदांनी या कलमास हरकत घेतली. स्वकष्टाने जमविलेल्या वस्तूवर मंडळाने हक्क का सांगावा, हा त्यांचा प्रश्न अगदीच निराधार नव्हता, आणि त्यावर सभेत दीर्घ चर्चाही झाली. अखेर मालकी सभासदाचीच राहील, मंडळाकडे केवळ माहिती राहील, अशा तडजोडीने ते कलम संमत झाले. आज मागे वळून पाहता, मंडळ ज्या पायावर उभे आहे तो पाया त्या सभेत घातला गेला, असे निःशंकपणे म्हणता येते.

कोठी आणि तिचा शिरस्ता

फेरिस्तीपासून कोठीपर्यंतचा प्रवास क्रमाक्रमाने झाला. कोणी सभासद वृद्धापकाळामुळे गाडी विकून मोकळा झाला की तिच्यासोबतचे पेटीबंद भाग तो मंडळाच्या स्वाधीन करी. कोठे जुन्या गॅरेजची आवराआवर निघाली की मंडळ वर्गणी काढून तेथील माल एकवट घेई. आणि नाना पेठेतील, मुंबईच्या ऑपेरा हाउसजवळील व कुर्ल्यातील सुट्या भागांचे जुने व्यापारी दुकाने बंद करू लागले तेव्हा फळीवर वर्षानुवर्षे पडून राहिलेला, गिऱ्हाईक नसलेला माल मंडळाच्या वाट्यास आला. ग्रीस लावून मेणकागदात गुंडाळलेली व युद्धकालीन खोक्यात जशीच्या तशी राहिलेली एखादी वॉटर पंपाची जोडणी उघडताना कोठीत उपस्थित असलेल्या प्रत्येकाच्या चर्येवर जो आनंद दिसतो, त्याची किंमत पैशांत करता येणार नाही.

कोठीच्या वहीत प्रत्येक भागापुढे केवळ त्याचे नाव लिहिण्याचा प्रघात नाही. तो भाग कोणत्या गाडीचा, कोणत्या काळातला, कोणत्या मापाचा आणि कोणाच्या हातून आला, इतका तपशील तेथे असलाच पाहिजे, असा शिरस्ता पहिल्या कोठीप्रमुखांनी घालून दिला. आणि तो किती दूरदृष्टीचा होता हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. जीपच्या चारही चाकांस शक्ती पोचविणारी जी ट्रान्स्फर केस, स्पाइसर 18 या नावाची, ती महायुद्धातील विलीज जीपमध्येही आहे आणि कित्येक वर्षांनंतरच्या महिंद्र जीपमध्येही आहे. बाहेरून पाहणारास दोन्ही सारख्याच भासतात. परंतु तिच्यातील मधल्या गिअरचा शाफ्ट युद्धकाळात सहा सुतांचा, म्हणजे पाऊण इंच व्यासाचा होता. तो नंतर नऊ सुतांचा झाला आणि पुढे दहा सुतांचा, म्हणजे सव्वा इंचाचा. नवा गिअर जुन्या केसमध्ये बसविण्याचा प्रयत्न ज्यांनी केला त्यांना बाजारातून आणलेला संपूर्ण संच परत न्यावा लागला. म्हणून आज कोठीत गिअर मागावयास येणाऱ्या सभासदास प्रथम गाडीचे वर्ष विचारले जात नाही. शाफ्ट काढून त्याच्यावर व्हर्निअर धरावयास सांगितले जाते. गाडीचे वर्ष कागदावर चुकू शकते, आणि लष्करी कार्यशाळेत तिचे पोट केव्हा बदलले हे कोणास सांगता येत नाही. शाफ्टचे माप मात्र खोटे बोलत नाही.

पुढच्या ॲक्सलचीही तीच कथा. युद्धकालीन जीपच्या पुढच्या चाकांना झेपा, बेंडिक्स-वाइस आणि ट्रॅक्टा असे निरनिराळ्या रचनांचे जॉइंट बसविलेले आढळतात; एकाचा भाग दुसऱ्यास चालत नाही, आणि वळणावर चाक कटकट करू लागले की आत कोणता जॉइंट आहे हे खोलल्याखेरीज समजत नाही. त्याउलट इंजिनाच्या बाबतीत दैव अनुकूल आहे. युद्धकालीन जीपचे 134 घन इंचाचे, बाजूस व्हॉल्व्ह असलेले इंजिन आणि महिंद्रच्या सीजे-3बीमधील हरिकेन इंजिन यांचे बोअर व स्ट्रोक सारखेच, अनुक्रमे 3.125 व 4.375 इंच, वरचे शीर बदलले तरी खालचा वंश एकच राहिला. यामुळे आपल्या देशात दीर्घकाळ बनत राहिलेले कित्येक भाग त्या जुन्या इंजिनांच्या दुरुस्तीस उपयोगी पडतात, आणि परदेशातील जीपप्रेमी हिंदुस्थानी भागांची मागणी करतात तीही याच कारणाने. टायरच्या बाबतीत मात्र मंडळाने सभासदांस प्रथमपासून सावध केले आहे. 6.00-16 हे माप ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकासाठी आजही सर्वत्र मिळते व जीपच्या रिमवर चढतेही; पण शेताच्या मंद गतीसाठी बनलेले ते टायर घाटरस्त्यावर लावणे धोक्याचे असल्याने, मंडळाच्या कोणत्याही सफरीत तशी गाडी सामील करून घेतली जात नाही.

ग्रंथ आणि दस्तऐवज

सुटा भाग हातात असूनही तो कोठे व कसा बसवावयाचा हे ठाऊक नसेल तर तो लोखंडाचा तुकडाच होय. आणि म्हणूनच कोठीच्या शेजारी मंडळाचे ग्रंथालय असणे क्रमप्राप्त होते. अमेरिकी सैन्याने 1944 साली काढलेली टीएम 9-803 ही चालकाची व दुरुस्तीची पुस्तिका, आणि जी-503 या क्रमांकाने ओळखली जाणारी सुट्या भागांची सूची, हे या ग्रंथालयाचे दोन आधारस्तंभ आहेत. या सूचीत प्रत्येक नटाला, वायसरला आणि कॉटरपिनलासुद्धा स्वतःचा क्रमांक आहे, आणि त्याच्या आकृतीवरून एखादी अनोळखी वस्तू कोणत्या जोडणीतली हे निश्चित करता येते. मिस्त्री मंडळी ज्या नावांनी भाग ओळखतात ती नावे आणि सूचीतील क्रमांक यांची सांगड घालणारी एक मराठी यादी काही सभासदांनी अनेक वर्षांच्या परिश्रमाने सिद्ध केली असून, कोठीच्या भिंतीवर ती कायम टांगलेली असते.

गाडीची ओळख पटविणे हेही या दफ्तराचेच काम. फोर्डने आपल्या जीपच्या बहुतेक भागांवर, कित्येक बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा, इंग्रजी एफ अक्षर उमटविलेले असते. चेसिसचा पुढचा आडवा दांडा विलीजचा असेल तर गोल नळीचा आणि फोर्डचा असेल तर पत्र्याच्या पन्हळीसारखा घडलेला असतो. या खुणा घेऊन सभासदांच्या गाड्या तपासल्या तेव्हा असे दिसून आले की त्यांतील फारच थोड्या निर्भेळ आहेत. लष्करी कार्यशाळांनी शेकडो गाड्या एकदम खोलताना फोर्डची चेसिस व विलीजचे इंजिन असा भेद ठेवला नाही, आणि युद्धाच्या धामधुमीत ठेवण्याचे कारणही नव्हते. शुद्धतेच्या हव्यासाने अशी गाडी पुन्हा विभागून 'मूळ रूपास' न्यावी काय, यावर मंडळात मतभेद होते. परंतु सैन्याच्या सेवेत असताना झालेली दुरुस्ती हीदेखील गाडीच्या चरित्राचाच भाग आहे, तिची नोंद करावी, ती पुसू नये, असा निर्णय अखेर सर्वानुमते झाला, आणि तो मंडळाच्या सर्वांत विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयांपैकी एक आहे.

कारागीर

या वृत्तान्तात ज्यांचा गौरव सर्वप्रथम व्हावयास हवा होता, ते आमचे कारागीर. पुण्यास खडकीचे लष्करी डेपो आणि कार्यशाळा यांचे सान्निध्य लाभले आहे. 1943 साली स्थापन झालेल्या ई.एम.ई. या लष्करी यंत्रदुरुस्तीच्या दलातून निवृत्त झालेले हवालदार व सुभेदार पुण्याच्या आसपास स्थायिक झाले आणि त्यांच्या हातांतील विद्या मंडळाच्या उपयोगी पडली. इंजिनाचा आवाज ऐकून मेन बेअरिंग गेले की छोट्या टोकाचा बुश, हे ते निमिषात सांगत. क्राउन-पिनियनच्या दातांवर शेंदूर लावून दातांचे लागणे कसे पाहावे, हे त्यांनी तरुण सभासदांना स्वतः शेजारी बसवून शिकविले. अमेरिकी गाडीच्या नटबोल्टांना एक पाना आणि ब्रिटिश बनावटीच्या नॉर्टन किंवा बीएसए लष्करी मोटारसायकलीच्या व्हिटवर्थ आट्यांना दुसरा, ही गोष्ट त्यांच्या दृष्टीने प्राथमिक शिस्तीची होती. चुकीच्या पान्याने नटाचे कोन झिजविणाराची त्यांनी कधी गय केली नाही.

जो भाग जगात कोठेच मिळत नाही तो नव्याने ओतून घेण्यावाचून गत्यंतर नसते, आणि अशा वेळी मंडळाने कोल्हापूरच्या फाउंड्रीची वाट धरली. इंजिनाचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकून गेलेल्या गाड्यांसाठी नवे ओतीव काढण्याचे ठरले तेव्हाचा प्रसंग स्मरणीय आहे. तडकलेला जुना भाग वाळूत दाबून साचा घेता येईल अशी आम्हा अनेकांची समजूत होती. फाउंड्रीतील वृद्ध पॅटर्नकाराने तो भाग हातात घेऊन पालथा-उलथा केला आणि शांतपणे सांगितले की बीड थंड होताना फुटामागे एक सूत आखडते, म्हणून याच मापाचा साचा घेतला तर ओतीव लहान येईल आणि स्टडची भोके इंजिनाशी जुळणार नाहीत. मग त्यांनी सागवानी पॅटर्न केला. तो करताना साधी मोजपट्टी बाजूस ठेवून, आखडणे हिशेबात धरून आखलेली वाढीव मापाची पट्टी वापरली. मशीनवर घासावयाच्या बाजूंस वेगळी जाडी ठेवली, आणि आतील पोकळीसाठी वाळूचा गाभा निराळा भाजून घेतला. तो पॅटर्न आज मंडळाच्या साच्यांच्या खोलीत जपून ठेवलेला आहे, आणि त्याच्यावरून निघालेली ओतिवे महाराष्ट्राबाहेरील गाड्यांवरही बसलेली आहेत.

जोंगा आणि इतर स्वदेशी गाड्या

मंडळाच्या उत्तरकाळात जोंगांचा प्रश्न पुढे आला. जपानच्या निस्सान पेट्रोल गाडीच्या 60 मालिकेवर बेतलेली, सुमारे चार लिटरचे सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिन बाळगणारी ही गाडी लिलावातून स्वस्तात मिळाली. परंतु इंधनाचा खर्च न सोसल्यामुळे असंख्य मालकांनी मूळ इंजिन काढून टाकून त्या जागी ट्रकचे डिझेल इंजिन बसविले, आणि काढलेली इंजिने भंगारात गेली. उद्या ज्याला आपली जोंगा मूळ स्वरूपात आणावयाची असेल त्याला इंजिन कोठून मिळणार, ही चिंता ओळखून मंडळाने अशी काढलेली इंजिने भंगाराच्या भावाने विकत घेऊन सांभाळण्याचा ठराव केला. त्याकाळी अनेकांस तो वावगा खर्च वाटला, परंतु आज त्याच संग्रहाकडे मागणीची पत्रे येतात. ही निस्सान गाडी ऑस्ट्रेलियातही विकली जात असल्यामुळे तेथील मालकांशीही पत्रव्यवहार जुळला आणि गॅस्केट, पंपाचे संच यांसारख्या वस्तूंची सोय झाली. शक्तिमान ट्रकच्या बाबतीत, म्हणजे जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने आपल्याकडे बनलेल्या त्या भरभक्कम वाहनाच्या बाबतीत, तशी सोय अद्याप पुरेशी झालेली नाही, हे येथे नमूद करणे अवश्य आहे.

कायदा आणि मंडळ

मालकास भागांइतकेच साहाय्य लागते ते कागदपत्रांचे. लिलावातून गाडी घेतल्यावर विक्रीपत्र, चेसिस व इंजिन क्रमांकांची रुजुवात आणि नागरी नोंदणी ही तीन कामे बिनचूक पार पडल्याखेरीज ती रस्त्यावर आणता येत नाही; या कामांत नवख्या माणसास मार्गदर्शन करण्यासाठी मंडळाने आपल्यातील जाणत्या सभासदांची एक समिती नेमली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 121 वा नियम प्रत्येक नव्या सभासदास वाचून दाखविला जातो : संरक्षण खात्याच्या मालकीचे नसलेले कोणतेही वाहन ऑलिव्ह ग्रीन रंगात रंगविता येत नाही. ज्या रंगात गाडीने आयुष्य वेचले त्याच रंगापासून तिला दूर ठेवावे लागावे याचा खेद प्रत्येक मालकास होतो; तथापि सैन्याची ओळख कोणासही धारण करता येऊ नये हा त्या नियमाचा हेतू रास्त असल्याने मंडळाने तो मनापासून मान्य केला आहे. गाडी अन्य रंगात रंगविण्यापूर्वी जुन्या रंगाचे थर, लष्करी क्रमांक आणि तुकडीची चिन्हे यांचे छायाचित्र व वर्णन दफ्तरात नोंदवून ठेवण्याची वहिवाट त्यातूनच निघाली, आणि आज हे दफ्तर अभ्यासकांच्या दृष्टीने कोठीइतकेच मोलाचे झाले आहे.

2021 साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील खासगी वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची तजवीज केली; नव्या नोंदणीचे शुल्क 20 हजार रुपये व मुदत दहा वर्षे असून, क्रमांकात व्ही.ए. ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसून प्रदर्शन, संशोधन, जुन्या गाड्यांची रॅली, इंधन व दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. जी व्यक्ती आपली जीप अजूनही शेतावर नेते तिला ही तरतूद सोयीची नाही, तर जिची गाडी वर्षातून मोजक्या वेळी बाहेर पडते तिला ती वरदानासारखी आहे. म्हणून प्रत्येकाची गरज पाहून सल्ला देण्याचे धोरण समितीने ठेवले आहे.

बहिःसंबंध

आपल्यासारख्या संस्था इतर देशांतही आहेत. इंग्लंडमध्ये 1968 साली सुरू झालेल्या गटातून मिलिटरी व्हेइकल ट्रस्ट उभा राहिला. अमेरिकेत 1976 साली मिलिटरी व्हेइकल प्रिझर्व्हेशन असोसिएशन स्थापन झाली. युद्धकालीन जीपचे साधे तीनगती गिअरबॉक्स, टी-84 नावाचे, आपल्याकडील नंतरच्या गाड्यांत वापरले न गेल्यामुळे येथे दुर्मीळ आहे. त्यासाठी परदेशाकडे पाहावे लागते. पत्र्याच्या बॉडीसाठी फिलिपाइन्सकडे, कारण तेथे युद्धोत्तर जीपगाड्यांतून जीपनी ही प्रवासी वाहने घडविणाऱ्या कारागिरांची परंपरा अजून जिवंत आहे. स्वदेशात अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, रणगाडा संग्रहालयास मंडळाच्या सहली नियमाने जातात; चिलखती रोल्सरॉइस मोटारीपासून विजयंत रणगाड्यापर्यंतची वाहने तेथे सांभाळलेली पाहून, शासनाच्या पाठबळाने जे काम होते त्याच्या शेजारी नागरिकांनी आपापल्या अंगणात कोणते काम करावे, याची जाणीव तरुण सभासदांना होते.

पुढील कार्य

मंडळापुढील कामाचे स्वरूप आता बदलले आहे. मेणकागदात गुंडाळलेल्या मूळ भागांचा साठा दिवसेंदिवस आटणार हे निश्चित. म्हणून यापुढे शोधण्यापेक्षा घडविण्यावर अधिक भर द्यावा लागेल, आणि घडविण्यासाठी मोजमापाची, धातूच्या प्रतीची व उष्णतोपचाराची अचूक माहिती लागेल. मंडळाने आतापर्यंत करून घेतलेल्या प्रत्येक भागाचा नकाशा, पॅटर्न आणि तो करणाऱ्या कारागिराची टिपणे दफ्तरात जमा व्हावीत, असा ठराव नुकत्याच झालेल्या वार्षिक सभेने केला आहे. सभासदाच्या निधनानंतर त्याच्या वारसांनी गाडी विकावयाची ठरविल्यास तिच्यासोबतची कागदपत्रे व भाग विखरू नयेत, यासाठी मंडळाने मध्यस्थी करावी, हेही त्याच सभेत संमत झाले.

प्रस्तुत लेखक या मंडळाचा चिटणीस म्हणून काम पाहत आला आहे, आणि त्या नात्याने त्याची एकच विनंती आहे. ज्याच्याजवळ एखाद्या जुन्या लष्करी गाडीचा एखादा भाग, एखादी पुस्तिका, एखादे लिलावाचे विक्रीपत्र पडून असेल, त्याने ते आजच कोठीच्या वहीत नोंदवावे. वस्तू आपल्याच घरी राहू द्यावी, पण ती आहे हे दुसऱ्यास कळू द्यावे. पंचवीस वर्षांत मंडळाने ज्या गाड्या पुन्हा रस्त्यावर आणल्या त्यांतील जवळजवळ प्रत्येक गाडीत कोणा ना कोणा परक्या सभासदाने दिलेला भाग बसलेला आहे; आणि पुढील पंचवीस वर्षांत ज्या आणावयाच्या आहेत त्यांच्यासाठीही याच विश्वासाची आणि याच देवघेवीची आवश्यकता आहे.